पाच जण, तीन तास आणि एक पेव : सांगलीत रोलप्लेइंगचा गट कसा चालवायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्या जातीचा टेबलावरचा कुठलाही खेळ सुरू करणं सोपं आहे. खरी परीक्षा पाचव्या-सहाव्या बैठकीला असते. पहिल्या दिवशी हौसेनं सात जण येतात, दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्या वेळी कुणाच्या तरी मामेभावाचा साखरपुडा निघतो आणि पुढे व्हॉट्सॲपवर 'मग कधी बसायचं?' एवढंच उरतं. म्हणून इथे नियम समजावण्यापेक्षा दोन गोष्टींवर जास्त भर आहे. थोडक्या तयारीत बैठक कशी उभी करायची, आणि माणसं गळत असतानाही खेळ बंद कसा पडू द्यायचा नाही.

आकडे सगळे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत. त्या नियमांचा मूळ सांगाडा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. तो उतरवून घ्या, झेरॉक्स काढा, श्रेय देऊन मराठीत आणा, सगळं चालतं. गटात कुणाकडे २०२४ ची सुधारित पुस्तकं असतील तर तीही बरी आहेत, पण एका टेबलावर दोन्ही मिसळू नयेत. निम्मी भांडणं तिथून निघतात.

नवख्यांसाठी थोडक्यात. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतात, आणि निकालाची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा, म्हणजे डी२०, पडतो. फाशावरचा आकडा अधिक पात्राचा बोनस, आणि तो डीएमनं धरलेल्या आकड्याइतका किंवा जास्त आला की जमलं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला तेव्हापासून नियम कितीही बदलले, तरी डीएम सांगणार आणि खेळाडू ठरवणार ही मांडणी तीच आहे.

माणसं किती, दिवस कुठला

डीएम सोडून चार खेळाडू उत्तम, पण बोलवायचे पाच. एक जण नेहमी कमी होणार हे धरूनच चालावं. सहाच्या वर जाऊ नये, त्यामागे साधा हिशेब आहे. लढाईत एकाच्या पाळीला दोन मिनिटं आणि डीएमच्या राक्षसांना दोन-तीन मिनिटं लागतात. चार खेळाडूंची एक फेरी दहा-अकरा मिनिटांत होते, सहा जणांची पंधरा मिनिटांच्या आसपास. लढाई तीन-चार फेऱ्या चालते. म्हणजे सहा जणांच्या टेबलावर एका लढाईत तासभर जातो आणि त्यातला बहुतेक वेळ प्रत्येक जण दुसऱ्याचं तोंड बघत बसलेला असतो. मग हातात फोन येतो, आणि फोन आला की पाळी आल्यावर 'काय झालं?' हा प्रश्न येतोच.

गट जमला की पहिला नियम ठरवा: तिघं आले की खेळ होणार. 'सगळे जमले की बसू' म्हणणारे गट दोन महिन्यांत संपतात. एकदा बैठक रद्द झाली की पुढची रद्द करायला कुणाला काही वाटत नाही.

दिवस कायमचा बांधून घ्यावा, एकाआड एक रविवारी सकाळी दहा ते दीड असा. संध्याकाळ टाळलेली बरी. पाहुणे, क्रिकेटची मॅच आणि घरची कामं सगळी त्याच वेळेला उगवतात. पुढची तारीख उठायच्या आधी, सगळे समोर असताना ठरवायची. ग्रुपवर पोल टाकला की चार जण 'बघून सांगतो' म्हणतात आणि बघत कुणीच नाही. वालचंद किंवा विलिंग्डनची मुलं गटात असतील तर त्यांच्या परीक्षांचे आठवडे आधीच खोडून ठेवा. गणपतीचे दिवस आणि दिवाळी तशीही जाते. राहिला पावसाळा. कृष्णेला पाणी चढलं की सांगलवाडी किंवा हरिपूरच्या बाजूचा खेळाडू येऊ शकत नाही. ऑगस्टातली एखादी बैठक डिस्कॉर्डवर होईल हे गृहीत धरून पात्रांच्या कागदांचे फोटो ग्रुपवर टाकून ठेवावेत.

जागेला चार बाय तीन फुटांचं टेबल पुरतं. सतरंजीवर बसून खेळता येतं, पण दोन तासांनी गुडघे बोलायला लागतात आणि फासे दिवाणाखाली जातात. ज्याच्या घरी बसणार त्याच्या घरच्यांना हा काय प्रकार आहे ते आधी सांगून ठेवा. आतल्या खोलीत आजी असतील तर 'मी त्याचं मुंडकं उडवतो' हे वाक्य जरा हळू म्हणावं.

सामान

फाशांचा पूर्ण संच म्हणजे ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे, शिवाय टक्क्यांसाठी दहा बाजूंचा आणखी एक. ते ऑनलाइन मिळतात. गटाला दोन संच पुरतात, पण डी२० मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा, नाहीतर फासा फिरवण्यातच वेळ जातो. संच येईपर्यंत ल्युडोचा एक फासा आणि दोन नाणी यांवर सगळं भागतं. डी२० साठी फासा टाका, सहा आला तर पुन्हा टाका, म्हणजे १ ते ५ मधला आकडा मिळतो. मग एक रुपयाचं नाणं छापा पडलं तर ५ मिळवा, पाच रुपयाचं छापा पडलं तर १० मिळवा. १ ते २० सगळे आकडे सारख्याच शक्यतेनं येतात. डी१० साठी पहिलं नाणंच पुरे. डी१२ म्हणजे साधा फासा आणि छापा पडला तर अधिक ६. डी४ साठी ५ आणि ६ आले की पुन्हा टाकायचं. त्यालाच नाणं जोडून छाप्याला ४ मिळवले की डी८. डब्यातल्या वीस चिठ्ठ्यासुद्धा चालतात, फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात गेली पाहिजे. बाहेर राहिली की पुढच्याची शक्यता बदलते, आणि हुशार खेळाडू ते मोजायला लागतात.

नकाशासाठी बाजारात मिळणारा २२ बाय २८ इंचांचा कार्डशीट घ्या, त्यावर पेन्सिलीनं एकेक इंचाचे चौकोन आखा आणि वर जेवणाच्या टेबलाचं पारदर्शक प्लास्टिक घाला. त्यावर व्हाइटबोर्ड मार्करनं भिंती काढायच्या आणि खेळ संपल्या संपल्या पुसायच्या. रात्रभर राहिली तर शाई डाग धरते. मग सॅनिटायझर लावून घासत बसावं लागतं. एक चौकोन म्हणजे पाच फूट. साधारण माणूस पात्र एका पाळीत तीस फूट, म्हणजे सहा चौकोन चालतं. पात्रांच्या जागी ल्युडोच्या सोंगट्या छान बसतात. कॅरमच्या सोंगट्या वापराव्यात असं सगळ्यांनाच सुचतं, पण त्या तीन सेंटिमीटरहून रुंद असतात आणि इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर. शेजारी शेजारी उभ्या केल्या की एकमेकींना ढकलतात. कॅरमच वापरायचा असेल तर चौकोन साडेतीन सेंटिमीटरचे आखा. राक्षस काळे, गावकरी पांढरे आणि म्होरक्या क्वीन, ही सोय मात्र झकास आहे.

कपडे वाळत घालायचे चिमटे आठ-दहा आणा. प्रत्येकावर एका पात्राचं नाव लिहायचं आणि लढाईत पाळीच्या क्रमानं डीएमच्या पुढ्यात आडोशाला उभ्या केलेल्या पुठ्ठ्याला लावायचे. कुणाचा नंबर कधी ते सगळ्यांना दिसतं. खायला भडंग असणारच. ती वाटीत, चमच्यासकट. हाताला तेल-हळद लागली की पात्रांचे कागद दोन बैठकांत पिवळे होतात.

पहिली बैठक बोलण्याची

पहिल्या बैठकीत लढाई नको. दीड तास बसून चार गोष्टी ठरवायच्या. खेळाचा सूर कसला (हसत-खेळत, भयाचा, की राजकारणाचा), किती बैठका चालवायचं, पात्र मेलं तर काय, आणि कुठले विषय टेबलावर आणायचे नाहीत. शेवटचा मुद्दा संकोचानं टाळला जातो आणि नेमका तोच पुढे अंगाशी येतो. लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा, जातीवरून अपमान, हे बाहेर ठेवायचं असेल तर तसं स्पष्ट बोलून ठेवा. देवांचंही ठरवा. आपल्याकडे अनेक घरांत खंडोबा किंवा यल्लमा हे कुलदैवत असतं. त्यांना हिट पॉइंट (अंगात किती जीव उरलाय त्याचा आकडा) लावून मैदानात उतरवलं तर कुणीतरी गप्प होतं आणि पुढच्या वेळी येत नाही. गावची जत्रा, कौल लावणारा पुजारी, पडकं देऊळ हे सगळं खुशाल वापरा. खरे देव रंगमंचाबाहेर राहू द्या. टेबलाच्या मध्ये एक कोरा कार्ड ठेवून त्यावर मोठी फुली काढायची. कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

त्याच बैठकीत पात्रं. पूर्ण नवखे असतील तर डीएमनं चार पात्रं तयार आणावीत: चिलखतवाला लढवय्या, जखमा भरणारा पुरोहित, चोरट्या पायांचा हेर आणि एक जादूगार. स्वतः करायची असतील तर पात्राच्या सहा गुणांसाठी (ताकद, चपळाई, काटकपणा वगैरे) १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे वाटून टाका. फासे टाकून गुण काढायची मजा वेगळी, पण एकाला तीन अठरा आणि शेजाऱ्याला एकही पंधरा नाही असं झालं की ती चिडचिड महिनोन्महिने पुरते. गुणावरून बोनस काढायचा तर दहा वजा करा, निम्मं करा, खालच्या पूर्णांकावर आणा. १६ ला अधिक ३, ८ ला उणे १. ज्या गोष्टीत पात्र तयार आहे तिथे पहिल्या ते चौथ्या लेव्हलपर्यंत आणखी २ मिळवायचे.

प्रत्येकानं आपल्या डावीकडच्या खेळाडूच्या पात्राशी एक नातं सांगायचं: कर्ज, चुलतभाऊ, एकत्र भोगलेली शिक्षा, काहीही. ही पाच मिनिटं चुकवू नका. 'माझा हेर एकटाच राहतो, कुणावर विश्वास ठेवत नाही' असं पात्र कागदावर रुबाबदार दिसतं आणि टेबलावर सगळ्यांचा वेळ खातं. नात्याचा धागा असला की तोच खेळाडू आपणहून गटाबरोबर राहायचं निमित्त शोधतो.

तयारी : गोष्ट लिहू नका

नवा डीएम वीस पानांची गोष्ट लिहितो. खेळाडू दुसऱ्याच पानावर भलतीकडे वळतात, मग तो त्यांना ओढून आणायला लागतो आणि सगळ्यांचाच विरस होतो. गोष्टीऐवजी अडचण तयार करा. कोणाला काय हवंय, ते कुठे आहे, आणि कुणी काहीच केलं नाही तर काय होईल, एवढं एका पानावर मावतं. हे नमुन्यासह बघू.

हरिपूरची हळदीची पेवं सांगलीकरांना सांगायला नकोत. जमिनीखालची कोठारं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच खराब झाली. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, म्हणून पेव उघडलं की आधी ते मोकळं ठेवायचं आणि कंदील खाली सोडून बघायचं. डीएमच्या नजरेनं बघा, इथे तळघर, सापळा आणि त्या सापळ्याची आगाऊ सूचना असं सगळं आयतंच आहे.

आता अडचण. नदीकाठच्या एका काल्पनिक गावात अडत्याला आपलं जुनं पेव पूर येण्याआधी रिकामं करायचंय. उतरलेले दोन हमाल परत आले नाहीत. शेजारच्या सोडून दिलेल्या पेवातून एक टोळी भुयार खणत्येय, कारण अडत्याच्या आजानं हळदीखाली काहीतरी पुरलं होतं. खणण्यामुळे मोठाल्या घुशी बिथरल्या आहेत. घाटावरच्या नावाड्याला टोळीची ये-जा माहीत आहे, पण त्याचा मुलगाच त्यात आहे. झालं. पाच जागा: बाजार, घाट, अडत्याचं पेव, भुयार, शेजारचं पेव. गावातल्या माणसांसाठी पाच नावं हाताशी लिहून ठेवा, म्हणजे अडखळायला होत नाही: गंगव्वा, दत्तू, बाळाक्का, तुकाप्पा, आप्पासाहेब.

भुयार आहे हे खेळाडूंना कळायलाच हवं, तर त्याच्या तीन खुणा पेरा. एक खूण चुकते, दुसरीचा अर्थ उलटा लावला जातो, तिसरी लागू पडते. इथल्या तीन: घाटावर कुणीतरी पिवळी माती लागलेली कुदळ धुतंय, घुशी निघतात त्या अडत्याच्या नव्हे, शेजारच्या पेवातून, आणि बंद असलेल्या पेवात सोडलेला कंदील विझत नाही. विझायला हवा होता. म्हणजे कुठून तरी हवा येत्येय. ही तिसरी खूण ज्याच्या डोक्यात पेटते त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि त्यासाठी फासा टाकायला लावू नये.

वेळेचा रेटा हवा, तो नदीकडून घ्या. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे आकडे सांगलीत पोराबाळांना पाठ असतात. खेळ ३४ फुटांवर सुरू करा. एक तासाची छोटी विश्रांती घेतली की १ फूट, रात्रीची आठ तासांची घेतली की ४ फूट वाढवा आणि आकडा कागदावर सगळ्यांना दिसेल असा लिहा. ४० ला घाट बंद, नाव मिळणार नाही. ४५ ला पेवात पाणी. म्हणजे दोन रात्री झोपता येतं, तिसरीला ४६ होतात आणि खाली जे असेल ते गेलं. हा आकडा नसेल तर खेळाडू प्रत्येक चकमकीनंतर झोपून सगळी जादू परत मिळवतात आणि धोका म्हणून काही उरतच नाही.

वाईट हवेचा नियम डीएमनं स्वतः बांधायचा: कंदील विझलेल्या पेवात दर मिनिटाला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे संकटातून निभावायचा फासा, आकडा १२; चुकला की थकव्याची एक पायरी. सापळा ठेवला तर तो आधी दिसलाच पाहिजे. कंदील न सोडता उतरला तर ती खेळाडूची निवड. कंदीलच नव्हता आणि कुणी सांगितलंही नाही, तर ती डीएमची दादागिरी.

जागांसाठी आपल्याच भागात बघा. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर आहे; अष्टकोनी विहीर, उतरायला पायऱ्या, मधे दालन, वर मोटांच्या जागा. तिचा आराखडा कागदावर उतरवला तर दुसरा डंजन, म्हणजे धोक्यांनी भरलेलं तळघर, शोधायला नको. शिवाय ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना वर्णन करून सांगावं लागत नाही.

लढाईचं माप

इथे नवा डीएम सगळ्यात जास्त चुकतो, कारण राक्षस एकेकटा बघून निवडतो. २०१४ च्या हिशेबात पहिल्या लेव्हलच्या एका पात्रामागे सोपी लढाई २५ अनुभव-गुणांची (राक्षस हरवल्यावर मिळतात ते गुण), मध्यम ५०, अवघड ७५ आणि जीवघेणी १००. राक्षसांचे गुण बेरजेत घ्या. दोन असतील तर बेरजेला दीडनं गुणा, तीन ते सहा असतील तर दोननं. कारण संख्या. चार जण एकावर तुटून पडले की तो एकदाच वार करतो. चार शत्रू असले की चार वार येतात.

घुशींसाठी नियमांतला जायंट रॅट जसाच्या तसा उचला: आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १२, हिट पॉइंट ७, चाव्याला अधिक ४, इजा डी४ अधिक २, प्रत्येकी २५ गुण. चार घुशी म्हणजे १००, दुप्पट २००; चार पात्रांना बरोबर मध्यम. त्याच जागी चार गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे राक्षस, ठेवलेत तर प्रत्येकी ५० प्रमाणे २००, दुप्पट ४००, म्हणजे थेट जीवघेणी. आकडा चारच, पण निकाल पार वेगळा. टोळीसाठी नियमांतला एक थग, म्हणजे गुंड (१०० गुण, हिट पॉइंट ३२) आणि दोन बँडिट, म्हणजे लुटारू (प्रत्येकी २५ गुण, हिट पॉइंट ११) घ्या. बेरीज १५०, दुप्पट ३००, चौघांना अवघड. पण त्या दिवशी तिघंच आले तर हीच लढाई जीवघेणी ठरते. एक बँडिट कमी करा. १२५ गुणिले दीड, म्हणजे १८७, तिघांना मध्यमच्या जरा वर. हे गणित बैठकीच्या आधी दोन्ही प्रकारे करून कोपऱ्यात लिहून ठेवायचं.

'एकच मोठा राक्षस, मजा येईल' हा मोह पहिल्या लेव्हलला आवरावा. ओगर या धिप्पाड राक्षसाचा एक वार २डी८ (दोन डी८ ची बेरीज) अधिक ४ इजा करतो, सरासरी १३. जादूगाराचे हिट पॉइंट असतात सात-आठ. आठवाल्याला वीसचा वार बसला तर शून्यावर येऊन वर १२ उरतात. उरलेली इजा त्याच्या पूर्ण हिट पॉइंटइतकी किंवा जास्त असली की पात्र जागीच मरतं, वाचायचा फासासुद्धा मिळत नाही. पहिल्या रविवारी अर्ध्या तासात मेलेल्या पात्राचा मालक पुढच्या रविवारी कुठे असेल ते सांगायला नको.

लढाई रेंगाळू नये म्हणून तीन सवयी लावा. हल्ल्याचा आणि इजेचा फासा एकदमच टाकायचा. डीएमनं 'आता लढवय्या, त्याच्या मागे हेर' असं पुढचं नाव घ्यायचं. आणि शत्रू निम्मे पडले की उरलेले पळतात किंवा शरण येतात. तीन हिट पॉइंट उरलेल्या घुशीच्या मागे वीस मिनिटं धावण्यात काही अर्थ नाही.

फासा कधी टाकायचा

जिथे जमलं तरी काहीतरी घडतं आणि चुकलं तरी काहीतरी घडतं, तिथेच. पेवाचं झाकण उचलायला कितीही वेळ असेल तर ते उचललं जातंच. फासा तेव्हाच, जेव्हा आवाजानं टोळी सावध होऊ शकते. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २० एवढेच आकडे पुरतात. बोनस ५ असणाऱ्याला यांत अनुक्रमे ८०, ५५ आणि ३० टक्के संधी मिळते.

एक गळती इथे हमखास असते. काहीच बोनस नसलेल्या पात्राला १५ गाठायची संधी ३० टक्के. पण 'मीपण बघतो, मीपण' करत चौघांनी फासे टाकले तर कुणा एकाचं तरी जमायची शक्यता ७६ टक्क्यांवर जाते. अवघड काम फुकटात सोपं झालं. त्याऐवजी एकानं टाकायचं आणि एकानं मदत करायची. मदत म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. संधी होते ५१ टक्के, आणि मदत कशी करतो ते त्याला सांगावं लागतं, म्हणजे प्रसंगही रंगतो.

चुकलेला फासा म्हणजे भिंत नव्हे. नावाड्याला बोलतं करायचा फासा चुकला तर तो गप्प बसण्याऐवजी बोलतो, पण रात्री टोळीला जाऊन सांगतो. खेळ पुढे सरकतो, फक्त महाग पडतो.

नियमावरून वाद झाला तर दोन मिनिटं शोधायचं. सापडला नाही तर डीएम निकाल देणार आणि खरा नियम घरी बघून पुढच्या वेळी सांगणार. मागचं उकरायचं नाही. शंका असली तर निकाल खेळाडूच्या बाजूनं द्यावा, म्हणजे वाद लवकर मिटतो.

बोलणं

नियमांचे शब्द जसे आहेत तसेच राहू द्या; सेव्ह, एचपी (हिट पॉइंट), इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळीचा क्रम) यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसलात तर कागदावरचं आणि तोंडातलं जुळत नाही. वर्णन आणि संवाद मात्र आपल्या बोलीत. वेगवेगळे आवाज काढता आले नाहीत तरी बिघडत नाही, संबोधनांवरच माणसं वेगळी उभी राहतात. अडत्या 'या पाव्हणं, बसा' म्हणतो, हमाल 'मालक' म्हणतो, टोळीतला 'ए, कोन रं तू?' म्हणून सुरू होतो. नावाडी आधी 'तुम्ही' म्हणत होता आणि पोराचा विषय निघताच 'तू' वर आला, की खेळाडूंना फासा न टाकताही कळतं.

सांगली नाट्यपंढरी, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभं केलं, आणि एकांकिका केलेला एखादा तरी गडी प्रत्येक गटात असतो. तो पाच मिनिटांचं स्वगत म्हणतो आणि बाकीचे आक्रसून बसतात. त्याला थांबवू नका, त्याचा प्रसंग दुसऱ्याकडे वळवा: 'हे ऐकून हेर काय करतो?' ज्याला अभिनय जमत नाही त्यानं 'माझं पात्र गोड बोलून भाव पाडून मागतं' असं सांगितलं तरी ते पूर्ण मानावं. काय बोलतो यापेक्षा काय मागतो ते डीएमला कळलं की पुरे.

खेळाडूंसाठी

सगळा भार डीएमवर टाकून चालत नाही. आपली पाळी यायच्या आधी काय करायचं ते ठरवून ठेवा. आपल्या पात्राचे तीन नेहमीचे उपाय आणि त्यांचे आकडे कागदाच्या वर लिहा. जादूगारानं आपल्या मंत्रांचं वाचन घरी करावं. औषधाच्या बाटल्या 'पुढे लागतील' म्हणून साठवू नका; चौथ्या बैठकीला मेलेल्या पात्राच्या पिशवीत तीन बाटल्या निघतात, हे नेहमीचं आहे. एकानं वही धरायची: नावं, देणी-घेणी, नदीची पातळी. पुढच्या वेळी सुरुवातीची पाच मिनिटं त्यानंच मागचं सांगायचं आणि त्याबद्दल त्या दिवशी एकदा दोन फाशांतला मोठा धरायची सवलत घ्यायची. वहीची पाळी फिरती ठेवली की लक्षही सगळे देतात.

'माझं पात्र असंच वागेल' म्हणून सोबत्याच्या खिशात हात घालणारा खेळाडू भेटतोच. त्याच्या पात्राला प्रसंगातून शिक्षा करायला जाऊ नका, त्यानं तो आणखी चेवतो. चहाच्या वेळी बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगा: इथे एकमेकांवर फासे टाकायचे नाहीत. चहाची सुट्टी दीड तासानं, दहा मिनिटांची. ती एखाद्या मोठ्या निर्णयाच्या आधी घेतली तर बाहेर गॅलरीत आपोआप मसलत होते आणि आत आल्यावर वेळ वाचतो.

न आलेल्यांचं आणि दमलेल्या डीएमचं

बैठक शक्यतो सुरक्षित जागी संपवा. घाटावर, अडत्याच्या ओसरीवर. मग पुढच्या वेळी कुणी आला नाही तर त्याचं पात्र तिथेच मागे राहिलं म्हणता येतं. भुयाराच्या मधोमध थांबलात तर त्या पात्राचं काय करायचं हा प्रश्न अर्धा तास खातो. न आलेल्याचं पात्र दुसऱ्याला चालवायला देऊ नये. ते हमखास सापळ्यांवर पुढे पाठवलं जातं आणि मेलं की मैत्रीत बिब्बा पडतो. लेव्हल सगळ्यांची एकदमच वाढवा, आलेल्यांची आणि न आलेल्यांचीही. गैरहजेरीचा दंड लावला तर मागे पडलेला खेळाडू परत यायला आणखी कचरतो.

एका डीएमनं सलग सहा ते आठ बैठका चालवाव्यात, मग दुसऱ्यानं घ्यावं. मोहीम तेवढ्यातच संपेल अशी आखा; 'वर्षभर चालेल' म्हणून सुरू केलेली मोहीम अर्ध्यात लटकते. पुढचा डीएम आधीच्या दोन बैठकांपासून ठरलेला असावा, म्हणजे तो खेळता खेळता बघून घेतो. हस्तांतरात एक फाइल द्यायची: पात्रांच्या कागदांच्या झेरॉक्स, नावांची यादी, गावाचा नकाशा, कुणाचं काय देणं राहिलंय, आणि टेबलावर न आणायच्या विषयांची चिठ्ठी. चिठ्ठी सगळ्यात वर, कारण नवा डीएम बाकी सगळं विचारतो, तेवढंच विचारायचं राहतं.